सहाशे तारा आणि वाटीभर कथील

गेल्या श्रावणात माझ्याकडे सहाशे तारांचं काम आलं. वजनकाटे बनवणारं एक छोटं युनिट आहे. त्यांच्या काट्यात बॅटरीपासून सर्किटपर्यंत जाणारी लाल-काळी जोडी करून द्यायची होती. तीनशे लाल, तीनशे काळ्या, प्रत्येकी २२ सेंटिमीटर. तार 'चौदा-शहात्तर'. पुण्यात तपकीर गल्लीत तार अशीच मागायची असते: चौदा-शहात्तर, तेवीस-शहात्तर, चाळीस-शहात्तर. पहिला आकडा म्हणजे आत किती बारीक तारा आहेत तो. दुसरा त्या एकेका तारेची जाडी, इंचाच्या दहा हजार भागांतले ७६. मिलिमीटरमध्ये ०.१९ च्या आसपास. घोड्याच्या शेपटीचा केस समजा.

शिवाय टोक टिन करून द्यायचं होतं. टिन करणं म्हणजे सोललेल्या टोकावर कथलाचा पातळ थर चढवणं. त्या चौदा तारा मग विस्कटत नाहीत आणि सर्किटच्या बोर्डावर लावताना सोल्डर, म्हणजे वितळवून जोड देणारा धातू, पटकन धरतं. लग्नाआधी मी दोन वर्षं कंपनीत हार्नेसच्या, म्हणजे तारांच्या जुड्या बनवण्याच्या, लाइनवर होते, त्यामुळे हात बसलेला आहे. पण सोल्डरिंग आयर्नने एक टोक करायचं तर तार उचलण्यापासून खाली ठेवेपर्यंत पंधरा सेकंद जातातच. दोन्ही टोकं धरली तर बाराशे. पाच तास, तेही मान वर न करता, आणि घरात सहा वर्षांची मुलगी असताना. नवरा म्हणाला, "पॉट घे ना सरळ. कंपनीत काय आयर्नने करत होतीस का?"

खरं होतं. कंपनीत वितळलेल्या सोल्डरचा मोठा पॉट होता, पण तो सकाळी कोणीतरी आधीच गरम करून ठेवलेला असायचा. त्याची साय काढणं, त्यात माल टाकणं, तापमान बघणं हे सगळं दुसऱ्या कोणाचं तरी काम. आम्ही फक्त बुडवायचो. घरी पॉट आणला तेव्हा कळलं, बुडवणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग.

पॉट आला तो हसू यावं एवढा. नैवेद्याच्या वाटीएवढं, ५० मिलिमीटर तोंडाचं भांडं, खाली हीटर, पुढे तापमानाचा आकडा आणि दोन बटणं. १५० वॅटचा. पण त्या एवढ्याशा वाटीला पाऊण किलो माल लागतो. सोल्डर पाण्याच्या आठपटींहून जड, त्यामुळे डोळ्यांचा अंदाज सपशेल चुकतो.

मी काय केलं, घरात सोल्डरचं रीळ होतं ते कापून कापून आत टाकलं. रिळातल्या तारेच्या पोटात राळ भरलेली असते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. दहा वर्षं तेच वापरतेय. पण डोक्यात आलं नाही. आयर्नखाली थेंबभर वितळतं तेव्हा राळ कामाची असते. पाव किलो तार एकदम वितळली तेव्हा ती राळ वर आली, उकळली, काळी झाली आणि असा धूर सुटला की हॉलमधून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, काय जाळतेयस? आमटी?" गॅलरीचं दार उघडलं, पंखा लावला, पॉट बंद केला. वर डांबरासारखा थर. तो काढायला अख्खी संध्याकाळ गेली.

दुसऱ्या दिवशी बुधवार पेठेत गेले. दुकानदाराने ऐकलं आणि शांतपणे म्हणाला, "ताई, पॉटला कांडी लागते, रीळ नाही." कांडी म्हणजे सोल्डरची जाड पट्टी, आत राळ नसलेली. त्याने ६३-३७ ची दिली, म्हणजे ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं. या प्रमाणाची गंमत मला अजूनही वाटते. नुसतं कथील २३२ अंशांना वितळतं, नुसतं शिसं ३२७ ला. दोघं या मापात एकत्र आले की १८३ लाच पाणी होतात. तेही एकदम, मधली लापशीसारखी अवस्था नाही. ६०-४० मध्ये ती थोडी असते. थंड होताना टोक हललं तर दाणेदार होतं.

येताना राळेचे खडेही घेतले. ते कुटून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर ठेवले की मधाच्या रंगाचं फ्लक्स, म्हणजे तांब्यावरचा मळ काढणारा द्रव, तयार होतं. बाटलीतलं तयार मिळतं, पण हे स्वस्त पडतं आणि पातळ-घट्ट आपल्या हातात राहतं.

आता मुख्य प्रकार. माझी पद्धत बसायला तीन दिवस लागले, ती अशी. टोक ५ मिलिमीटर सोलायचं. चिमटीत धरून आधीच्या पिळाच्याच दिशेने अर्धा वेढा द्यायचा. उलटा दिलात तर तारा फुलतात. अशा दहा तारा दोन लाकडी पट्ट्यांत एका ओळीत धरायच्या, वर रबर. टोकं टेबलावर हलकेच आपटून सारखी करायची. मग फ्लक्समध्ये ४ मिलिमीटर बुडवायची, झटकायची आणि थांबायचं. मनात पाच आकडे. हे पाच आकडे मी पहिल्या दिवशी गाळले होते. ओलं टोक तापलेल्या मालात गेल्याबरोबर अल्कोहोलची वाफ झाली आणि सोल्डरचे मोहरीएवढे थेंब फोडणीसारखे उडाले. एक चष्म्यावर बसला. चष्मा माझा साधा, वाचायचा. तो नसता तर हे लिहायला मी वेगळ्या मनःस्थितीत बसले असते. आता मोठा गॉगल लावते आणि पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घालते. ओढणी तर पॉटजवळ आणायचीच नाही. पाण्याचं तर विचारूच नका. ओला चमचा, ओली कांडी, पावसाळ्यात गॅलरीत येणारे तुषार, काहीही आत जाता कामा नये. मी गॅलरीच्या आतल्या कोपऱ्यात, पत्र्याच्या ट्रेवर पॉट ठेवते आणि फ्लक्सची बाटली दोन हात लांब, झाकण लावून. अल्कोहोल पेट घ्यायला वाट बघत नाही.

मग बुडवणं. पण त्याआधी पृष्ठभाग बघायचा. वितळलेल्या सोल्डरचा वरचा भाग स्वच्छ असेल तर आरसा असतो. गॅलरीतली दोरी आणि तिच्यावरचे कपडे त्यात दिसतात. मिनिटभरात त्यावर करडी साय धरते. दुधाला धरते तशीच, आधी कडेने, मग मध्ये सुरकुत्या. ती धातूची गंजच असते, हवेने खाल्लेलं कथील. त्या सायीतून तार आत घातली तर ती टोकाला चिकटून येते आणि टोक चमकत नाही, राखेत लोळल्यासारखं दिसतं. म्हणून दर दहा तारांआधी साय बाजूला सारायची. त्यासाठी स्टीलची पट्टी चांगली, स्टीलला सोल्डर चिकटत नाही. मी एक जुना उलथना घेतला, दांड्याला लाल टेप गुंडाळली आणि तो परत स्वयंपाकघरात जाणार नाही असं सगळ्यांना सांगून ठेवलं.

साय सारली, टोकं सरळ खाली, मनात दोन आकडे, आणि सरळ वर. तिरकं काढलं की एका बाजूला गोळा राहतो. राळेचा एक फुस्स आवाज आणि धुराची बारीक रेघ येते, ती आली म्हणजे काम झालं. आवाज नाही आला तर फ्लक्स संपलंय किंवा लागलेलंच नाही. टोकाला थेंब लोंबकळत राहिला तर माल थंड आहे. दोन आकड्यांच्या जागी पाच मोजले तर प्लास्टिक आक्रसून मागे सरकतं, ५ मिलिमीटरचं उघडं टोक ७ चं होतं. शिवाय सोल्डर तारांच्या फटींतून वर चढत जातं, दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसं, आणि प्लास्टिकच्या आतपर्यंत तार ताठ करून ठेवतं. ताठ आणि लवचीक जिथे भेटतात तिथेच तार नंतर मोडते. म्हणून ५ सोलायचं आणि ४ बुडवायचं. तो एक मिलिमीटर तांबूस दिसत राहिला पाहिजे.

एक पट्टी, दहा टोकं, सगळं धरून अर्ध्या मिनिटाच्या आत. सोलण्याचा वेळ वेगळा, तो काही वाचत नाही.

तापमानाचं एक सांगते. पॉटच्या आकड्यावर माझा तीन दिवस विश्वास होता. २६० दाखवत होता आणि काही टोकांना थेंब राहत होते. नवऱ्याच्या मल्टिमीटरला थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजायची, तार होती, ती मालात धरली तर २३५. पॉट खोटं बोलत होता म्हणावं तर तसंही नाही. तो भांड्याखालच्या हीटरचं सांगत होता आणि मी वरच्या मालाचं समजत होते. आता २८५ लावते तेव्हा वर २६० मिळतं.

आणि सासूबाई. पहिल्या दिवशीच्या धुरानंतर त्या गॅलरीकडे फिरकल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी खुर्ची ओढून दारात बसल्या. दोन-तीन पट्ट्या बघितल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही तर कल्हईच की."

मी म्हटलं, "हो आई, तसंच."

"तसंच काय, तीच. वाईला आमच्या दारात बसायचा तो. भाता घेऊन. पातेलं लाल व्हायला आलं की नवसागर टाकायचा, पांढरा धूर. मग कथलाची कांडी नुसती टेकवायची आणि कापसाने असं गोल..." हात हवेत फिरला. "आत चंद्र उगवल्यासारखं व्हायचं. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक राहिलं की कळकायचंच."

त्यांचं वर्णन ऐकताना मला माझं काम पहिल्यांदा नीट समजलं. नवसागराचं काम माझ्याकडे राळ करते: तांब्यावरचा मळ खायचा, म्हणजे कथील नागव्या धातूला भेटेल. फ्लक्स न लावता कितीही वेळ बुडवा, कथील तांब्याला शिवतच नाही. मी विचारलं, नवसागरच वापरला तर? दुकानात मिळतो, स्वस्त आहे. करूनही बघितलं, चार तारांवर. टोकं राळेपेक्षा झकास चमकली. त्या तारा धुतल्या नाहीत, तशाच खिडकीत ठेवल्या. पंधरा दिवसांत प्लास्टिकच्या कडेशी हिरवी कड. पातेलं कल्हईनंतर धुतलं जातं, तारेच्या पोटातलं मीठ कोण धुणार?

मग त्यांनी विचारलं, "पण हे नुसतं कथील आहे ना?"

"नाही आई, शिसंही आहे यात. तिसऱ्या हिश्शाहून जास्त."

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "कथलात शिसं घालणारा कल्हईवाला आम्ही दारात उभा करत नव्हतो. आणि तू घरात?"

मी सांगायला लागले, शिशाची वाफ व्हायला १७०० अंशांच्या वर जावं लागतं, माझा पॉट २६० ला आहे, धूर आहे तो राळेचा. हे सगळं खरंच आहे. पण सांगता सांगता उलथन्यावरून ट्रेमध्ये सांडलेली करडी पूड दिसली. ती पूड बोटाला लागते, बोट कपड्याला, कपडा मुलीला. शिसं पोटात गेलं तर लहान मुलांच्या मेंदूला सगळ्यात जास्त त्रास होतो, हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. त्या दिवसापासून काम झालं की साबणाने कोपरापर्यंत हात, शर्ट वेगळा भिजवायचा, फरशी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची आणि फडकं टाकून द्यायचं. साय झाकणाच्या डब्यात. ती भंगारवाल्याला देत नाही. कांडी देणारा दुकानदार वजनावर परत घेतो, कारण सायीत बराचसा चांगला मालच अडकलेला असतो.

राळेचा धूरही काही निष्पाप नाही, सोल्डरिंग करणाऱ्यांना त्याने दमा होतो. माझा पंखा धूर माझ्याकडून बाहेर ओढतो, माझ्या तोंडावर वारा मारत नाही. ही दिशाही मी आधी उलटी ठेवली होती.

दिवाळीनंतर मी शिसंविरहित मालावर गेले. युरोपने २००६ च्या जुलैपासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या शिशावर मर्यादा आणली, त्यामुळे हा माल आता आपल्याकडेही सहज मिळतो. माझा ९९.३ टक्के कथील आणि बाकी तांबं. सासूबाईंच्या हिशेबाने जवळजवळ अस्सल कल्हई. त्याच पॉटमध्ये तो ओतता येत नाही, भांड्याच्या अंगाला जुनं शिसं राहतंच, म्हणून दुसरा पॉट घेतला. हा माल २२७ ला वितळतो, त्यामुळे कामाचं तापमान २८० च्या घरात गेलं आणि प्लास्टिक आक्रसण्याचा त्रास वाढला. टोकं शिशाच्या मालासारखी चकचकीतही येत नाहीत, जरा मंद दिसतात. पहिल्यांदा वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. चुकत नव्हतं, त्याचा रंगच तसा. तो तांबंही जास्त खातो. विसरून एखादी तार आत धरून ठेवली तर त्या बारीक तारा अजून बारीक होऊन बाहेर येतात. तेच तांबं मालात साठत जातं आणि काही महिन्यांनी माल रवाळ होतो, मग माल बदलावा लागतो.

पण मी पुढे गेले. सहाशे तारांचं राहिलं.

चार दिवसांत झाल्या. ड्रॉइंगमध्ये एकच टोक टिन, दुसरं नुसतं सोललेलं, असं होतं. मी दोन्ही टोकं टिन करून दिली. पैसे एकाचेच मिळणार होते, तरी. पॉट गरम होताच, हात चालत होता, आणि खरं सांगायचं तर ती बाराशे चकचकीत टोकं ओळीने बघायला फार छान वाटत होतं. पन्नास-पन्नासच्या जुड्या बांधून पाठवल्या.

तिसऱ्या दिवशी सगळा लॉट परत. मी तरातरा तिकडे गेले. तिथल्या क्वालिटीच्या माणसाने शांतपणे एक तार घेतली, क्रिंपच्या, म्हणजे तारेवर दाबून बसवायच्या, पिनमध्ये घालून हॅन्डटूलने दाबली आणि माझ्या हातात दिली. "ओढा, ताई." ओढली. थोड्याशा जोराने टोक पिनमधून सुळकन बाहेर आलं. मग नुसत्या सोललेल्या तारेवर तेच केलं. ती निघेना, अजून ओढलं तर तार तुटली, पण पिनमधून सुटली नाही.

"चौदा तारा सुट्ट्या असतात तेव्हा पिन त्यांना आवळते, त्या एकमेकींत घुसतात," तो म्हणाला. "तुम्ही त्यांची कांडी करून टाकलीत. आणि सोल्डर मऊ. दाबाखाली ते हळूहळू सरकत राहतं. आज घट्ट आहे, सहा महिन्यांनी ढिलं. क्रिंपला नाही चालत, स्क्रूखाली तर अजिबात नाही."

मी लाइनवर दोन वर्षं काढली होती आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. की मी विचारलं नव्हतं? आमच्याकडे बुडवायच्या तारा वेगळ्या क्रेटमध्ये यायच्या, क्रिंपच्या वेगळ्या. दोन क्रेट का, हा प्रश्न कधी पडलाच नाही.

माप एक सेंटिमीटर इकडेतिकडे चालत होतं म्हणून वाचले. सहाशे टोकं ६ मिलिमीटर कापली, परत सोलली. दीड दिवस. त्याचे पैसे अर्थातच नाहीत.

पण घरी येताना रिक्षात डोक्यात घोळत होता तो त्याचा शेवटचा शब्द. स्क्रूखाली. नवा पॉट आल्याच्या आनंदात मी घरातला इस्त्रीचा एक्स्टेंशन बोर्ड उघडला होता. चाळीस-शहात्तरची वायर, टोकं विस्कटलेली होती, ती छान टिन करून परत प्लगच्या टॉपमध्ये आवळली होती. नवऱ्याला दाखवलीही होती. इस्त्री हजार वॅटची, म्हणजे साडेचार अँपिअरच्या आसपास.

घरी आल्याबरोबर टॉप काढला. हाताला कोमट. तासाभरापूर्वी सासूबाईंनी साड्या इस्त्री केल्या होत्या. स्क्रू ड्रायव्हर लावला तर न्यूट्रलचा स्क्रू बोटाच्या जोराने अर्धा वेढा फिरला. तो मी स्वतः, दातओठ खाऊन आवळलेला होता, महिनाही झाला नव्हता. टिन केलेलं टोक बाहेर काढलं तर जिथे स्क्रू बसला होता तिथे खळगा पडलेला, लोण्यात बोट दाबल्यासारखा, आणि कडेचं प्लास्टिक जरासं पिवळं.

टोक कापलं. नव्याने सोललं, पिळलं, त्यावर तांब्याची छोटी थिंबल, म्हणजे टोपीसारखी नळी, चढवून दाबली आणि मग स्क्रूखाली घातलं. मग मुलीच्या अभ्यासाच्या दिव्याचा टॉप उघडला, मिक्सरचा उघडला. मिक्सर कंपनीतून आला तसाच होता, मी हात लावलेला नव्हता. दिव्याला लावला होता.

आता ऑर्डर आली की मी आधी विचारते, हे टोक कुठे जाणार आहे? बोर्डावर सोल्डर होणार असेल तर पॉट. स्क्रूखाली किंवा पिनमध्ये जाणार असेल तर नुसतं सोलून देते. समोरचे कधीकधी वैतागतात. म्हणतात, ड्रॉइंगमध्ये आहे तसं करा. ड्रॉइंगमध्ये आहे तसं करते, पण विचारून.

देवघरातल्या समईच्या बल्बचा टॉप अजून उघडायचा राहिला आहे. सासूबाईंची पूजा आवरली की आज दुपारी.